आठ नंबरचा टॉवेल

आम्ही चार बायका जमलो की कुणी सिंगापूरचं सांगतं, कुणी सुनेचं सांगतं आणि मी रोह्याच्या छपाईच्या शेडमधलं सांगते. नोकरी केली जेमतेम पाच वर्षं, किस्से मात्र अजून पुरतायत. एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याचा पदर धरून हजर! आमचे हे म्हणतात, तुझे ते टॉवेल एकदाचे वाळू देत गं. वाळत नाहीत त्याला मी काय करू?

तर, नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. आमचं घर रोह्याला लागून, वरसेला. वडील, म्हणजे आप्पा, इतिहासाचे मास्तर म्हणून रिटायर झालेले. मी बी.ए. झालेली, इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास. रोह्यात तेव्हा नोकरी म्हणजे कंपनी. ‘कामाला आहे’ म्हटलं की समोरचा विचारायचा, कुठली शिफ्ट? मी सांगायचे, शिफ्ट नाही, शरदभाऊंच्या छपाईत आहे. मग समोरचा ‘बरं, बरं’ म्हणायचा आणि विषय बदलायचा.

शरदभाऊ म्हणजे मालक. आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. काहीही विचारा, उत्तर एकच, ‘बघू’. पगार वाढवा, बघू. पत्रा गळतोय, बघू. छपाईचे मुख्य कारागीर नाथाकाका, सत्तावन्न-अठ्ठावन्नचे, पेणच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातले. लहानपणी मिठागरात राबलेले, नंतर तीस वर्षं छपाईत. धुवायला आणि घड्या घालायला मंदा, निडीहून पॅसेंजरने यायची. तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. आणि पत्रं, फॅक्स, तपासणी बघायला मी. मंडळांचे टी-शर्ट आणि साडीच्या दुकानांच्या पिशव्या छापायच्या, हे आमचं विश्व.

*

त्या वर्षी गणपती झाले आणि शरदभाऊंना चक्क परदेशातली ऑर्डर मिळाली, मुंबईतल्या कुणा ओळखीच्याच्या ओळखीने. तिकडच्या एका बाईंचे आजोबा तरुणपणी देशोदेशी हिंडले होते. जातील तिथे फोटो काढले होते. ते अल्बम बाईंना माळ्यावर सापडले. त्यातले आठ फोटो त्यांना बीच टॉवेलवर छापून हवे होते, समुद्रकाठच्या दुकानांत विकायला.

हे आम्हाला कळायच्या आधी अख्ख्या बाजारपेठेला कळलं. कारण फॅक्स यायचा एसटीडी बूथवर आणि बूथवाला तो आधी स्वतः वाचायचा. मी आणायला गेले तर त्याने मजकूर मला तोंडी सांगितला आणि वर विचारलं, बीच टॉवेल म्हणजे काय हो?

मला तरी कुठे माहीत होतं! सोलापूरहून कोरे पांढरे टॉवेल आले तेव्हा कळलं. पाच फूट लांब, एका बाजूने मखमली. मंदाने एक उलगडून धरला तर ती त्याच्यामागे दिसेनाशी झाली. पलीकडून नुसता आवाज आला, “ह्यो आंग पुसायला हाय का म्हस पुसायला?”

मी समजावून सांगितलं की तिकडे लोक समुद्रावर जातात, वाळूत हा अंथरतात आणि त्याच्यावर उन्हात पडून राहतात. मंदाचा विश्वास बसेना. तिने तीन-तीनदा विचारून घेतलं, उन्हात? सावली असताना? कुणी कामाला लावलं नसताना? मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. मग ती परत घड्या घालायला लागली. शेवटी हळहळून म्हणाली, “डाक्टर सांगत असंल गो बिचाऱ्यांना.”

*

फोटो आले ते बटर पेपरात गुंडाळून, एकेक पोस्टकार्डाएवढा. मागे पेन्सिलीने गावांची नावं. मी एकेक वाचत होते आणि सगळे भोवती उभे. उंट आणि पिरॅमिड. कुठल्या तरी बंदरातला घड्याळाचा मनोरा. बर्फातली खेचरं. नदीच्या घाटावरचं देऊळ. असं करत आठ नंबरचा आला आणि मी वाचलं, धरमतरची खाडी, तर.

तर म्हणजे माणसं या काठावरून त्या काठाला नेणारी होडी. फोटोत चिखलाचा काठ होता, होडीत दाटीवाटीने बसलेली आठ-दहा माणसं होती आणि पुढे एक जण लांब बांबू रोवून उभा होता. फोटो निघताना तो हलला असणार, कारण त्याच्या चेहऱ्याचा नुसता धुरळा झाला होता.

नाथाकाका रंग कालवत होते. ते काम टाकून आले. हात फडक्याला पुसले, परत पुसले, मग फोटो हातात घेतला. त्यांचे वडील त्याच खाडीवर तरीला होते. नाथाकाका रांगत असतानाच ते तापाने गेले. फोटो कुठला असायला! घरात त्यांची एक खूण नव्हती. हे सगळं त्यांनी सावकाश सांगितलं आणि फोटोतल्या उभ्या माणसावरची नजर काढली नाही.

“मला बाप कसा होता ठाव नाय, ताई,” ते म्हणाले. “आरशात बघतो आन् अंदाज घेतो.”

एवढं बोलून ते परत रंगाकडे गेले. मी उगाच बटर पेपरच्या घड्या घालत बसले.

*

तो माणूस वडीलच का, हे सांगणारं जगात एकच माणूस उरलं होतं, नाथाकाकांची आई. पंच्याहत्तरीच्या पुढची, गावाला असायची. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात पिकत आलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की जेवण टाकायची.

नाथाकाकांनी शरदभाऊंना विचारलं, रविवारी फोटो घरी नेऊ का? शरदभाऊ म्हणाले, बघू. शनिवारी संध्याकाळी त्यांनी स्वतः फोटो आणून दिला. परदेशातल्या बाईंची वस्तू, माझ्या जिवाला घोर! मी माझ्या सर्टिफिकिटांची फाईल रिकामी करून त्यात घालून दिला.

सोमवारी फाईल जशीच्या तशी परत आली. काय झालं विचारलं, तर म्हातारीने फोटो नाकाला लावून बघितला, लांब धरून बघितला, ओट्यावर नेऊन बघितला आणि विचारलं, “नाथा, ह्यो पापड कसला?”

मंदा हसली आणि मग तिलाच वाईट वाटलं. नाथाकाका म्हणाले, तिचं काय चुकलं, तिला दारावरून एसटी गेली तर दिसते, एवढंसं कसं दिसणार? बोलता बोलता ते थांबले. समोर टेबलावर कोरा टॉवेल ताणून लावलेला होता, पाच फुटी. त्या दिवसापासून आम्ही सगळे बाईंची ऑर्डर छापत होतो आणि नाथाकाका एकच टॉवेल छापत होते, तो अजून व्हायचा होता एवढंच.

*

पण आधी देवळाची भानगड झाली. घाटावरच्या देवळाचा फोटो छापायला नाथाकाकांनी साफ नकार दिला. लोक त्यावर बसणार, झोपणार, ओले पाय देणार. देवळावर? आपल्या हातून नाय होणार.

शरदभाऊंनी मला बाईंना फॅक्स लिहायला सांगितला. सांगणं सोपं होतं, लिहायचं कसं? देव नेमका शरीराच्या कुठल्या भागाखाली येतो, हे इंग्रजीत घालायचं म्हणजे माझी पंचाईत. आप्पांची डिक्शनरी चाळली. त्यातले शब्द बूथवाल्याच्या हातात देण्यासारखे नव्हते. शेवटी मी लिहिलं की आमचे कारागीर देवळावर माणसाचा ‘बसण्याचा भाग’ येऊ द्यायला तयार नाहीत.

दोन दिवसांनी उत्तर आलं. बाई फार सज्जन. त्यांनी लिहिलं होतं, तुमच्या भावनांचा आदर आहे, फक्त या फोटोतला बसण्याचा भाग कुठला ते खूण करून कळवा, आपण तेवढा कापून टाकू.

अखेर बाईंना कसंबसं कळलं आणि देवळाच्या जागी त्यांनी दुसरा फोटो पाठवला. तो निघाला हत्ती! सगळे नाथाकाकांकडे बघायला लागले. त्यांनी फोटो उजेडात धरून नीट तपासला आणि निकाल दिला, “चालंल. ह्याच्या हातात मोदक नाय.”

*

फोटो टॉवेलवर आणायचा म्हणजे आधी त्याची ठिपक्याठिपक्यांची फिल्म करायची, ती दादरहून करून यायची. त्यावरून स्क्रीन, म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी, आणि त्या जाळीतून रंग. कागदावर ते झकास उतरतं. टॉवेलच्या मखमलीत मात्र ठिपके पसरतात आणि सगळ्यात आधी जातात ते डोळे. पहिल्या नमुन्यावर उंटवाला आंधळा आणि उंटही आंधळा.

फिल्मवर बारीक ब्रशने डोळे भरायला कोण मिळणार? शरदभाऊंनी पेणहून वसंताला आणलं. वसंता गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, ते शेवटचं काम आणि सगळ्यात जोखमीचं. गणपती होऊन गेलेले, त्यामुळे तो मोकळा होता. आला तो आंघोळ करून, उपाशीपोटी, आणि म्हणाला, चपला बाहेर काढा. उंटासाठी आम्ही सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या.

दुपारपर्यंत त्याने उंटवाल्याचे, त्याच्या दोन पोरांचे आणि उंटाचे डोळे काढले. छाप घेतला. टॉवेल टेबलावरून उचलला आणि मंदाने नकळत हात जोडले. वाळवंटातली ती सगळी माणसं मोठ्या, अर्धोन्मीलित, शांत डोळ्यांनी आमच्याकडे बघत होती. उंट तर सगळ्यांत प्रसन्न होता.

शरदभाऊ हळूच म्हणाले, वसंता, जरा साधा डोळा काढता येईल का? वसंता ओशाळला. म्हणाला, भाऊ, वयाच्या बाराव्या वर्षापासून काढतोय, मला डोळा एकच येतो.

नमुना तसाच पाठवला. मी आठ दिवस देव पाण्यात घालून बसले होते. बाईंचा फॅक्स आला, “उंट खूप प्रेमळ दिसतो. असाच राहू द्या.”

*

धुतलेले टॉवेल शेडमागच्या मोकळ्या जागेत दोऱ्यांवर वाळायचे. जाणारे येणारे थांबून बघायचे, बर्फ, पिरॅमिड, हत्ती, सगळं एका दोरीवर. आप्पा एकदा मला डबा द्यायला आले आणि तिथेच उभे राहिले. इतिहासाचे मास्तर ते, त्यांना मोह आवरेना. हात मागे बांधून ते एकेक टॉवेल वाचत निघाले.

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी ते थबकले. मान तिरपी केली. मग मला हाक मारली आणि विचारलं की या घड्याळात तीनच्या जागी नऊ कसे? मी धावत जाऊन बघितलं. फिल्म उलटी लागली होती. अख्खं बंदर डावं-उजवं झालं होतं, आणि नेमकी ती फिल्म शरदभाऊंनी स्वतः लावली होती. दोरीवर तसले साठ टॉवेल.

आप्पा शरदभाऊंकडे गेले आणि त्यांनी इतिहासाशी असा खेळ बरा नव्हे या विषयावर उभ्या उभ्या एक तास घेतला. शरदभाऊंनी सगळं मान खाली घालून ऐकलं. मग शांतपणे म्हणाले, “मास्तर, समुद्रावर झोपायला आलेला माणूस. त्याला घड्याळ कशाला?”

आप्पा आठवडाभर माझ्याशीही धड बोलले नाहीत, जशी काही फिल्म मीच लावली. बाईंच्या मात्र ते कधीच लक्षात आलं नाही.

*

सात नंबरपर्यंत छापून झालं. आठ नंबर नाथाकाकांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, हात चांगला बसल्यावर करायचा म्हणून. रोज विचारायचे, ताई, खाडीची फिल्म आली का? शेवटी ती दादरहून आली, पण अजून स्क्रीन तयार व्हायची होती.

एका सकाळी बूथवाला स्वतः फॅक्स घेऊन चालत शेडवर आला. नेहमी मी बूथकडे येताना दिसले की तो लांबूनच मजकूर ओरडून सांगायचा. त्या दिवशी त्याने कागद दुमडून माझ्या हातात दिला आणि काही न बोलता गेला, तेव्हाच मी समजले. बाईंनी लिहिलं होतं की आठ नंबर रद्द करावा. फोटो अंधुक आहे, पुढच्या माणसाला चेहरा नाही, असा टॉवेल कोण घेणार?

शरदभाऊ त्या दिवशी मुंबईला गेलेले. नाथाकाका समोरच टेबल पुसत होते, मान वर करून त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मला असा काही राग आला! कुणाचा, तो मला आजही सांगता येणार नाही. मी मशीनवर बसले आणि टाइप केलं, आठ नंबर छापून झाला आहे, तो आमचा सगळ्यांत चांगला आहे. बूथवर गेले आणि पाठवून मोकळी झाले. बूथवाल्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शरदभाऊंना सगळं खरं सांगितलं. नोकरी गेली असं धरूनच गेले होते. त्यांनी माझ्या फॅक्सची प्रत वाचली, परत वाचली, चष्मा काढून पुसला. मी वाट बघत होते ‘बघू’ची.

“छापून झालाय म्हणतेस,” ते म्हणाले, “मग आज छापायलाच हवा.”

*

बाईंचं उत्तर आलं, ठीक आहे, पाठवा, पण त्या माणसाच्या चेहऱ्याचं काहीतरी करा. म्हणजे पुन्हा वसंता.

नाथाकाकांना हे मान्यच नव्हतं. वसंता ब्रश घेऊन बसला तर त्यांनी फिल्मवर हात ठेवला. म्हणाले, “तुझा डोळा दिलास तर माझा बाप गणपती होईल. मग त्याला बुडवू कुठं?”

वसंताला लागलं ते. त्याने ब्रश बाजूला ठेवला. पण चेहरा तसा ठेवला असता तर मखमलीवर नुसता डाग उमटला असता, हे नाथाकाकांनाही कळत होतं. म्हातारीला काय डाग दाखवायचा? शेवटी तेच म्हणाले, लोक म्हणतात मी बापावर गेलोय. वसंता म्हणाला, मग माझ्यासमोर उभे राहा.

दोन दिवस ते चाललं. नाथाकाका भिंतीशी उभे, हातात झाडूचा लांब दांडा, फोटोतल्या बांबूसारखा रोवून धरलेला. वसंता समोर मांडी घालून, उपाशी, नुसता बघतोय. मंदा पहिल्या दिवशी पॅसेंजर चुकवून उशिरा आली, तिला हे काहीच ठाऊक नव्हतं. दारातच थांबली आणि हळूच मला म्हणाली, “काकांना शिक्षा कशाची केली गो?”

दुसऱ्या दिवशी दुपारी वसंताने ब्रश खाली ठेवला. आम्ही भिंग लावून बघितलं. बारीक, जवळजवळचे, उन्हाने आकसलेले डोळे. गणपतीचे नव्हते. नाथाकाकांचे होते, हुबेहूब. वसंता स्वतःच्या हाताकडे बघत राहिला होता. आम्ही सगळे शाबासकी द्यायला लागलो, तर हा घाबराघुबरा. म्हणाला, “आता पुढच्या वर्षी मूर्तीला हेच आले तर?”

*

छापला तो टॉवेल. नाथाकाकांनी त्या दिवशी दुसऱ्या कुणाला टेबलाला हात लावू दिला नाही. तपकिरी रंगात खाडी, चिखल, होडी, सगळं असं उतरलं की मंदासुद्धा घड्या टाकून बघायला आली. त्यातला सर्वांत स्वच्छ छाप शरदभाऊंनी स्वतः घडी घालून नाथाकाकांच्या हातात ठेवला.

रविवारी आम्ही गावाला गेलो. नाथाकाका, मंदा आणि मी सकाळच्या पॅसेंजरने पेणला उतरलो. स्टेशनवर वसंता इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तिथून टेंपोने गाव. वाटभर नाथाकाका मांडीवर पिशवी घट्ट धरून बसले होते.

म्हातारी ओट्यावर सुकट निवडत होती. एवढीशी, वाळलेली, पण बसलेली ताठ. डोळ्यांवर ऊन नको म्हणून मंदाने आणि मी ओट्याच्या सावलीतच टॉवेल दोन टोकांना धरून ताणला. म्हातारी उठली, हात पुसले आणि अगदी जवळ आली. आधी हाताने चाचपलं. मग दोन पावलं मागे गेली. मग परत पुढे. ओठ हलत होते. तिला दिसत होतं! नाथाकाकांनी उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

“आये, ह्यो कोन?”

तिने डोळे बारीक करून बघितलं आणि लगेच म्हणाली, “ह्यो तं तूच. तू कवा गेलतास तरीवर?”

वसंताने मान खाली घातली. माझ्या हातातलं टॉवेलचं टोक सैल पडलं. नाथाकाका काही तरी सांगायला लागले की डोळे आम्हीच काढलेत, ते सोड, बाकी अंग बघ, उभं राहणं बघ. ती ऐकत नव्हती. तिचा हात टॉवेलवरून आपोआप सरकत चालला होता. बांबूवाला सोडून, बसलेल्या बायका सोडून, होडीच्या पार मागच्या टोकाला. तिथे एक माणूस होता. तसले पन्नास टॉवेल मी भिंग लावून तपासले होते, पण त्याच्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. आमच्याकडे पाठ करून, कंबरेत वाकून, होडीतलं पाणी उपसत होता.

म्हातारीने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

“हे,” ती म्हणाली.

मग मीच विचारलं. म्हटलं, आजी, यांचं तर तोंडच दिसत नाही, कशावरून ओळखलंत?

“तोंड कोनी बगला, बाय?” ती म्हणाली. “दोन वर्सां त्यांच्या मागशी चालत व्हती. पाठ वलखते मी.”

आणि ती तिथेच बोटं ठेवून उभी राहिली. थोड्या वेळाने ती परत सुकटीपाशी जाऊन बसली, तेव्हा नाथाकाका पुढे आले. मंदाच्या आणि माझ्या हातातून त्यांनी टॉवेल घेतला, वाकून त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघितलं आणि मग टॉवेल हळूच उलटा करून पाहिला.